काचेवरची अँटेना

जुने स्क्रू टाकायचा डबा प्रत्येक दुकानात असतो. किश्शांचंही तसंच. एकेक टाकत जायचं, आणि एक दिवस झाकणच बसत नाही! दापोड्याला माझं आणि सलीमचं गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, सगळं करतो, पण आमचा डबा भरला तो काचेवर चिकटवायच्या अँटेनांनी.

* * *

पूर्ण्याच्या गोडाऊनचे एक मॅनेजर तणतणत आले. "परवाच बसवली, आणि रेडिओ नुसता खरखरतोय!"

पाहिलं तर मागच्या काचेवर बाहेरची दांडी ताठ उभी, आतली डबी गायब. ती साहेबांनी उपटून डॅशबोर्डवर गणपतीशेजारी चिकटवली होती. काचेवर बरी दिसत नव्हती म्हणे!

मी समजावलं, या अँटेनाला काचेत भोक पाडत नाहीत. दांडीच्या बुडाशी एक पत्रा, डबीत दुसरा. दोघं काचेच्या दोन बाजूंना अगदी समोरासमोर असले, की सिग्नल काचेतून आत येतो. साहेबांची मान काही हलेना.

सलीम म्हणाला, "साब, मियाँ-बीवी को आमने-सामने बिठाओ, तब बात होगी!"

साहेबांना लगेच पटलं.

* * *

एक ट्रान्सपोर्टवाले शेठ घरीच हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन अँटेना काढायला बसले. मग पिशवी घेऊन दुकानात आले. पिशवीत काचेचा चुरा, आणि त्यात अँटेना, बुडाला काच घट्ट धरून!

"काय मजबूत चिकटवता राव!"

ही तक्रार होती की शाबासकी, मला अजून कळलेलं नाही.

* * *

अँटेना काढायची खरी पद्धत सोपी आहे. हेअर ड्रायरने चिकटपट्टी गरम करायची, मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी पट्टीमागे सरकवायची आणि करवतीसारखी ओढत राहायची. उरलेला चिकटा स्पिरिटने पुसायचा. आतून काचेवर ती गरम करणाऱ्या तारांच्या बारीक रेघा असतात, तिथे ब्लेड लावायचं नाही.

ड्रायर माझ्या बायकोचा. मासळीचा वास मारणाऱ्या गळाच्या दोरीसोबत एकाच खणात राहायचा. एकदा लग्नाला निघताना तिने तो मागवून घेतला आणि केस वाळवले. लग्नात तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसेना!

तेव्हापासून तो ड्रायर दुकानाचा झाला.

* * *

दिघाशीचे पुंडलिककाका आले ते मात्र गप्पगप्प. आमच्याकडे हळदीला पांढऱ्या गाड्यांची रांग लागते. काकांनीही जुनी निळी गाडी जावयाला द्यायची ठरवून पांढरी घेतली. पहिल्याच हळदीत काकू भलत्याच गाडीत जाऊन बसल्या. त्या गाडीवाल्यांना कळलं ते थेट पूर्ण्याला! सगळा गाव हसला, आणि काकूंनी हळदीला जाणंच सोडलं.

"काल एकटाच गेलो. जेवन ग्वाड लागलं न्हाय," काका म्हणाले.

निळ्या गाडीच्या अँटेनाला काकूंनी लाल रिबीन बांधली होती. त्या खुणेवर त्या गाडी ओळखायच्या. "तीच अँटेना काढून नवीला लावा. पन मोडू नका. तशी आता मिलत न्हाय."

सलीम दोरी ओढत होता तोवर काका दांडी धरून उभे राहिले. अँटेना अख्खी सुटली, आणि मला फार बरं वाटलं. नव्या काचेवर ती बसल्यावर काका आतून बाहेरून बघत राहिले. "मदी काच. भोक न्हाय. मंग आवाज येतो कसा?"

सलीमने मियाँ-बीवीचं सांगितलं. काका चक्क लाजले!

पुढच्या हळदीला मलाही आमंत्रण होतं. मांडवाबाहेर आलो आणि म्हटलं, झालं, काकू पुन्हा चुकणार! काकांचं बघून अर्ध्या दिघाशीने आमच्याकडूनच अँटेना बसवून घेतल्या होत्या, लाल रिबिनीसकट! पांढऱ्या गाड्यांची रांग, आणि सगळ्यांवर रिबिनी फडफडतायत.

काकू बाहेर आल्या. क्षणभर थांबल्या. मग सरळ चालत गेल्या आणि बरोबर आपल्याच गाडीचं दार उघडलं. आत काका झोपले होते, ते दचकून उठले.

"बरोबर वलखलीस की! अँटेना बगून ना?"

"अँटेना कशाला? तुमी घोरत व्हतात न्हवं का!"

"अगं, पन काच तर बंद व्हती!"

"मंग?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सीट बेल्ट लावला.