जाळीवरून पेटलेलं वैर

गिरणीत चांगुणाचं कुणाशी पटत नव्हतं, आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. कानडी मुलखालगतच्या मैंदर्गीची पोर, लग्न होऊन सोलापुरात बुधवार पेठेत आली आणि नवरा धर्मपाल याच्या हमालीवर घर भागेना म्हणून गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. मराठीत भांडून भागलं नाही तर ती कानडीत शिरायची. मैंदर्गीच्या बाजारात वाढलेल्या बाईला दोन्ही भाषांतल्या शिव्या सारख्याच गोड.

वाइंडिंगमध्ये सगळ्या बायकाच. लडीचं सूत बॉबिनवर भरायचं. माथ्यावर एक लांब लोखंडी शाफ्ट गरगरत असे, आणि त्याच्यावरून कातडी पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. पट्ट्यांना लोखंडी जाळ्या होत्या, नाही असं नाही. पण तुटलेला धागा पट्ट्याखाली गेला की दर वेळी जाळी उघडा, काढा, पुन्हा लावा. काम उक्तं, त्यात हा खोळंबा. शेवटी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गुरुसिद्धप्पानं सांगून टाकलं, "बांधा बाजूला ती बला." बायकांनी खुशीनं सुतळ्या आणल्या आणि जाळ्या खांबांना आवळून टाकल्या. चांगुणानंही आपली बांधली. पट्टा उघडा फिरू लागला आणि वर्षभरात त्याची कुणाला भीतीही उरली नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मुक्ताबाई डोक्यावरून न्हाऊन कामावर आली. केस ओले, म्हणून सैलच गुंडाळलेले. खाली पडलेली बॉबिन उचलायला ती वाकली, अंबाडा सुटला आणि पट्ट्यानं केस ओढून घेतले. किंकाळी फुटली, तीही अर्धीच. शेजारच्या यंत्रावरून चांगुणानं झेप घेतली आणि दांडा मारून पट्टा उतरवला. मुक्ताबाईचा जीव वाचला; पण डोक्याची निम्मी कातडी केसांसकट पट्ट्याबरोबर गेली.

मुक्ताबाई चांगुणाची शेजारीण. नळावरून दोघींचं कित्येक महिने वाकडं होतं. रक्तावर पदर दाबून धरतानाही चांगुणाला तिच्याविषयी माया वगैरे काही दाटून आली नाही. दाटून आला तो संताप, आणि तो पुढं उतरलाच नाही.

चौकशीला कामगार अधिकारी आबासाहेब बसले होते. गुरुसिद्धप्पा म्हणाला, "बाई मोकळ्या केसांनी आली, साहेब. नियम न्हाय पाळला." खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण गिरिजाबाई. शुक्रवार पेठेतली, ठसठशीत कुंकवाची, सगळ्या बायका तिच्या शब्दात. तिनंही मान डोलावली, "व्हय साहेब. चूक तिचीच."

"आन् जाळी?" चांगुणा दारातूनच ओरडली. "जाळी कुणी बांधाया लावली, ते सांग की गं! ह्या गुरुसिद्धप्पानं. तू समोर हुतीस."

"तुला बोलावलंय का इथं?" आबासाहेब म्हणाले.

"बोलवायची वाट बघितली तर दुसरीचं डोस्कं जाईल."

शिपायानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मागून गुरुसिद्धप्पा कानडीत काहीतरी घाण बोलला. चांगुणा गर्रकन वळली. "बाय मुच्च!" त्याच्याच भाषेत तिनं त्याला तोंड मिटायला सांगितलं, तेही साहेबांदेखत. त्या दिवसापासून वैर उघड झालं.

पाळीवर आलं की चांगुणा आधी सगळ्या सुतळ्या कापायची आणि जाळ्या लावायची. बायका शिव्या घालत पुन्हा बांधायच्या. तिनं पुन्हा कापायच्या. "तुला मरायचं न्हाय तर नगं मरू, आमच्या पोटावर का येतीस?" असं कुणी म्हणालं की ती म्हणे, "पोट हाय तवर हात बी पायजेत की, रांडंनो!" एकदा तिच्या डब्यातल्या भाकरीवर कुणीतरी यंत्राचं तेल ओतून ठेवलं. कुणी ओतलं ते तिनं विचारलं नाही. एकेकीच्या तोंडाकडं बघत उपाशीच काम केलं.

घराकडंही तेच. डोक्याला फडकं बांधलेली मुक्ताबाई नळावर तिच्यावरच उखडली. "माज्या नावानं किती दिस नाचणार हायस? रोज कोन ना कोन डोस्कं बघाया येतंय."

"तुज्यासाटी कोन नाचतंय?" चांगुणा म्हणाली आणि घागर उचलून चालती झाली.

पुढल्या संक्रांतीला गिरिजाबाई नवीकोरी काळी इरकल नेसून आली. पदर मिरवायचा दिवस, तेव्हा तो खोचणार कोण? खात्यातून फिरता फिरता ती चांगुणाच्या यंत्रापाशी थांबली, आणि पदराचं टोक शेजारच्या यंत्राच्या उघड्या पट्ट्याच्या वाऱ्यानं फडफडू लागलं. चांगुणानं एकदा सांगितलं, "पदर खोच." गिरिजाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चांगुणानं सूत कापायची कात्री उचलली आणि हातभर पदर सरळ कापून खाली टाकला.

पदर पट्ट्यात गेलाच असता असं नाही. आणि कात्री चालवताना चौकशीतली ती डोलणारी मान चांगुणाच्या डोळ्यांपुढं होती, हेही खरं. जीव वाचवायचा होता की उट्टं काढायचं होतं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

खातं बंद पडलं. बायकांनी तिला घेरलं, झिंज्या धरल्या. "माज्या सणाच्या लुगड्याला हात लावतीस? तुजी जात काय, तुजी पायरी काय!" गिरिजाबाई किंचाळली.

"पट्टा जात इचारत न्हाय," चांगुणा म्हणाली. तोवर तिच्या ओठातून रक्त येत होतं.

तिला कामावरून निलंबित केलं. धर्मपाल म्हणाला, "माफी माग. एक शब्द तर हाय."

"तू माग मग. तुज्या तोंडात लई गोड बसंल."

तो उठून हमालीला निघून गेला.

काही आठवड्यांनी गिरणीच्या भिंतींना घाईघाईनं चुना लागताना तिनं पाहिला. सरकारी इन्स्पेक्टर येणार, एवढं कळायला कुणाला विचारायची गरज नव्हती. तो आला त्या सकाळी ती फाटकासमोर गाडीला आडवी झाली. गुरुसिद्धप्पानं तिला ढकललं, ती पडली, उठली आणि पुन्हा बॉनेटवर हात रोवून उभी राहिली. भोंगा होऊन पाळी सुटत होती, शंभर माणूस बघत होतं.

"वाइंडिंगमदी चला. आदी तितं, मग हापिसात च्या प्या."

इन्स्पेक्टर चिडला. "बाई, मला शिकवू नका. व्हा बाजूला."

"बगून या, मग हुते बाजूला."

तो काही देवमाणूस नव्हता. पण इतक्या लोकांदेखत ऐकल्यावर त्याला जावं लागलं. जाळ्या त्या दिवसापुरत्या लावल्या होत्या, तरी खांबांना तेलानं काळ्या पडलेल्या सुतळ्यांच्या गाठी तशाच लोंबत होत्या. जाळ्यांना बोल्ट मारा, पट्टा उतरवल्याशिवाय जाळी उघडता येणार नाही असं करा, आणि तोवर हे खातं बंद, असा त्यानं हुकूम दिला.

खातं आठवडाभर बंद राहिलं. तेवढ्या मजुरीला मुकलेल्या बायकांनी चांगुणाच्या दारात शेण फेकलं. तिनं ते गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि ओट्यावर सगळ्यांना दिसतील अशा वाळत घातल्या.

बोल्ट बसले. वाइंडिंगमध्ये त्यानंतर कुणाचा केस ओढला गेला नाही, की कुणाचा पदर. त्याबद्दल कुणी चांगुणाचं नाव घेतलं नाही. काम सावकाश होतं म्हणून मात्र रोज घेतलं. गिरिजाबाईनं तिचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. समोरून येताना दिसली तर ती रस्ता ओलांडायची. चांगुणाही ओलांडायची, म्हणजे दोघी पुन्हा समोरासमोर यायच्या, आणि थुंकायच्या.

युनियननं मध्ये पडून तिला परत घेववलं. पण वाइंडिंगमध्ये नाही, कचरा खात्यात. तिथं वाया गेलेला कापूस खिळ्यांच्या मोठ्या पिंपात पिंजला जाई. हवेत तंतू एवढे की समोरचं माणूस धुक्यातलं वाटावं. पहिल्याच सकाळी तिनं पाहिलं, पिंपाचं झाकण उघडं होतं आणि यंत्रावरचा सिदू फिरत्या खिळ्यांवर हातानं कापूस दाबत होता.

"झाकण कुटं हाय?"

सिदूनं मागं न बघताच सांगितलं, "बाई, तुजी कीर्ती आलीया हितंवर. तसलं काय हितं चालायचं न्हाय."

"चालू नगंच दे," चांगुणा पदर खोचत म्हणाली. "थांबव आदी."