विहिरीवरची म्हातारी

बारामतीच्या एसटी स्टँडमागे एका गाळ्यात एक जण कॉम्प्युटर गेमच्या सीडी भाड्याने द्यायचा. कॉलेज सुटलं की लासुर्ण्याची गाडी लागेपर्यंत मी त्याच्याकडे बसायचो. बोलताना तो सारखा चष्मा पुसायचा, आणि स्वतः तपासल्याशिवाय एकही सीडी कुणाला देत नसे.

तलवार घेऊन हिंडायचं, राक्षस मारत ताकद वाढवत जायची, असा एखादा चांगला गेम मी मागितला. त्याने एक लावला. पहिल्याच गावात विहिरीवर एक म्हातारी उभी होती. या मवाळ माणसाने थेट तिच्यावर तलवार चालवली. म्हातारी पडली. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

"थांबा जरा," म्हणत तो गेममधल्या वाण्याकडे गेला. वाणी हसतहसत ढाली दाखवू लागला. ते बघून दुकानदाराने सीडी बाहेर काढली.

"माणूस मेलं आन् गावाला त्याचं काय न्हाय. वंगाळ गेम."

दुसऱ्या गेममध्ये तेच केलं, तर वाण्याने दार लावून घेतलं. दुकानदार खूश झाला. "ह्यो न्या. ह्ये गाव जितं हाय."

घरी मीही म्हातारीवर तलवार चालवली, दार लागतंय का ते बघायला. मग त्या गावात मला कुणी पाणीसुद्धा दिलं नाही.

सीडी परत नेली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "म्हातारी जिती हाय का?"

"नाही. पण तुम्हीही मारलीच होती की."

"मी गाव कसं हाय ते बगत हुतो. तुमाला तर ठावं हुतं, गाव जितं हाय ते."

त्याने चष्मा पुसला. मग भर दुपारी, मी पायरीवर उभा असतानाच, त्याने शटर खाली ओढलं.