अक्कांचं अर्धं ब्लेड

आमच्या अक्का कुणाच्याही लग्नाला जाताना बटव्यात अर्धं ब्लेड घेऊन जायच्या. कागदात गुंडाळून, काडेपेटीत घालून. अक्षता पडल्या की पंगत बसायच्या आत त्या मांडवातल्या एखाद्या अनोळखी बाईच्या मागे जाऊन उभ्या राहत, तिच्या खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "बाई, हितं आवळतंय तुमास्नी. या जरा आत, उसवून देते." ती बाई घाबरून नवऱ्याला शोधायला लागे. आणि मी, म्हणजे त्यांची सून, धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं म्हणत जिलबीकडे बघत राही. पुढे पुढे तर नातेवाइकांकडची आमंत्रणं आली की आधी मलाच घाम फुटायचा.

अक्का मूळच्या म्हसवडकडच्या. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरात जन्मल्या, लग्नात वडिलांनी शिलाई मशीन दिलं म्हणून शिवायला लागल्या. सासरे हळदीच्या बाजारात कामाला लागले तेव्हा त्यांच्यामागून अक्का आणि ते मशीन सांगलीला आलं. एका खोलीत चोळ्या शिवणाऱ्या अक्कांकडे पुढे ब्लाऊज आले, मग घागरे, मग नवरीचा अख्खा पोशाख. लेकी मशीनवर बसल्या, पुतण्या भरतकामाला, माझा नवरा कापड आणायला सुरतेला. पुण्या-मुंबईच्या मुली माप द्यायला सांगलीला येऊ लागल्या. तरीही तयार झालेली प्रत्येक वस्तू सगळ्यांत शेवटी अक्कांच्या मांडीवर जायची. तिच्यावरून अंगठा फिरायचा आणि त्या एकच शब्द बोलायच्या, "उसव." या शब्दाला आमचं घर जेवढं भ्यायचं तेवढं कधी इन्कमटॅक्सला भ्यालं नाही.

मला पाहायला त्या वाईला आल्या, तेव्हा मी स्वतः शिवलेला ब्लाऊज घातला होता. पुण्यात फॅशन डिझाइनचा कोर्स केला होता, त्याचा थोडा तोराही होता. पोहे झाले, प्रश्न झाले. उठताना त्यांनी माझ्या दंडावरून अंगठा फिरवला आणि माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी लय चांगली हाय. बाही तेवढी उसवाय लागंल." आईला पुढे कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही. लग्न झालं आणि सत्यनारायणाची पूजा व्हायच्या आत ती बाही उसवली गेली. कुणी, ते सांगायला नको.

एकदा चिडून मी विचारलंच, की अक्का, जे डोळ्यांना दिसतही नाही ते उसवून तुम्ही कुणाचं भलं करता? त्या सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आमच्या माणदेशात बाईला वरसाला एक चोळी. ती काखंत चुकली की बाई वरीसभर हात वर करीत न्हाई. भरलेली घागर बी दुसरीला उचलाय सांगती. घालणारीनं घातलंय हे इसरलं पायजे, तर ते कापड." मला हे पटलं. पटलं म्हणून राग गेला असं मात्र नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा पूर्ण झालेला अनारकली उसवायला काढला.

पुण्याहून मी त्यांना उसवायचं एक चांगलं हत्यार आणून दिलं होतं. त्याने त्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत.

सांगलीत नवं दालन झालं तेव्हा नवऱ्याने हौसेनं पाटीवर 'कूत्यूर' असा फॅशनवाल्यांचा फ्रेंच शब्द लिहून घेतला. अक्का म्हणाल्या, "बोर्डावर काय बी लिवा, आत बाही बसली पायजे." उद्घाटनाला नगरसेवक आले, फोटोग्राफर आला, तबकात कात्री ठेवली, आणि अक्काच कुठे दिसेनात. शोधलं तर त्या दर्शनी काचेच्या आत, नवरीचा पोशाख घातलेल्या पुतळ्याच्या मागे उभ्या राहून त्या पोशाखाच्या पाठीची शिवण उसवत होत्या. आजही त्या फोटोत नगरसेवक हसताहेत आणि त्यांच्यामागे काचेत पुतळा खांद्यापासून उघडा पडलाय. "अक्का, प्लॅस्टिकची नवरी आहे ती," मी दातओठ खात म्हटलं. "बगणारी प्लॅस्टिकची न्हाई," त्या म्हणाल्या आणि काम पुरं करूनच बाहेर आल्या.

बरं, त्या नेहमी बरोबर असत असंही नाही. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याच्या मुलीचा घागरा घेऊन आम्ही दोघी टॅक्सीने चाललो होतो. पसरणीचा घाट लागला आणि अक्कांना एकदम वाटलं, की लग्नघरात गोडधोड खाऊन मुलगी सुटली असणार. मी नको नको म्हणत असताना त्यांनी काडेपेटी काढली आणि वळणावळणावर कंबर उसवत बसल्या. वर पोचलो तर मुलगी उलट वाळली होती. घागरा तिच्या अंगावर उभाच राहीना. तिची आई माझ्याकडे बघतेय, मी अक्कांकडे, आणि अक्का शांतपणे म्हणाल्या, "काळजीनं सुकलंय ल्येकरू. हं, शीव." हॉटेलच्या धोबीखान्यात बसून मी हाताने अख्खी कंबर शिवली. सगळा वेळ त्या शेजारी बसून स्ट्रॉबेरी खात होत्या.

पण खरा छळ सुरू झाला तो साताऱ्याचं दुकान काढल्यावर. ते मी आणि नवऱ्याने उभं केलं, तिथल्या मुली मी शिकवल्या, गिऱ्हाईक माझं. तरी अक्कांची अट होती, की साताऱ्यात शिवलेली प्रत्येक वस्तू सांगलीला त्यांच्या अंगठ्याखालून जायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात पडायची. दर सोमवारी पत्र्याची पेटी भरून एसटीने सांगलीला. तिथे निम्मं उसवायचं, पुन्हा शिवायचं, परत साताऱ्याला. "अक्का, हे किती दिवस?" मी विचारलं. "तुजं येक कापड उसवल्याबिगर माझ्या हातनं गेलं, की त्या दिवशी पेटी बंद." मग मी त्या एका कापडासाठी जिवाचं रान केलं. दरवेळी वाटायचं, या खेपेला जमलं. वर्षं गेली, माझे केस पांढरे झाले, माझ्या मुली कॉलेजात गेल्या, आणि पेटी सुरूच. एकदा तर भांडून मी पेटी पाठवलीच नाही. तर त्याच आठवड्यात अक्का स्वतः एसटीने साताऱ्याला आल्या, चपला काढल्या, चहासुद्धा न घेता मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "काडा काय शिवलंय ते."

आता सोमवारी पेटी जात नाही. अक्का जाऊन पुरतं वर्षही झालेलं नाही.

शेवटी शेवटी त्यांची डावी बाजू लुळी पडली. मी सांगलीला जाऊन राहिले. नेहमीच्या घट्ट बाहीत तो हात घालणं जमेना, म्हणून मऊ सुती कापडाचा, पुढून पूर्ण उघडणारा, सैल बाहीचा असा एक ब्लाऊज त्यांच्यासाठी शिवायला घेतला. औषधं, डॉक्टर, येणारे-जाणारे यांतून वेळ काढत कसाबसा पुरा केला. डाव्या बाहीला काखेत चुणी राहिली होती. ती मला दिसली होती, पण म्हटलं, आता त्या सांगतीलच. ब्लाऊज त्यांच्या पुढ्यात ठेवला. चांगल्या हाताचा अंगठा खांद्यावरून बाहीवर आला, चुणीवर थांबला. मी शब्दाची वाट बघत उभी.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरा झालाय. साताऱ्याची पेटी आता आणू नगंस."

ज्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला ते हेच होतं. तरी मला त्यांचा फार राग आला. "अक्का, बाही चुकलीय," मी म्हटलं.

"व्हय, कळलं मला." त्या खिडकीकडे बघत होत्या. "पर आता मला हात कुटं वर करायचाय?"

 मी त्यांच्या उशीखालून काडेपेटी काढली, पलंगाशेजारी जमिनीवर बसले आणि ती बाही उसवायला घेतली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे टाका नीट दिसत नव्हता. "हळू. कापड फाडशील," वरून आवाज आला. पुन्हा शिवली, इस्त्री फिरवली आणि ब्लाऊज त्यांच्या पुढ्यात धरला. अंगठा खांद्यावरून निघाला, बाहीवर आला, काखेपाशी थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. मी त्या अंगठ्याकडे बघत होते.

"उसव," अक्का म्हणाल्या. "आन् सोमवारी पेटी घिऊन ये."

इतकं बरं मला त्या घरात कधीच वाटलं नव्हतं.