गॅसचा फ्रिज काढला तेव्हा

कॅराव्हॅन आम्ही एका वयस्कर जर्मन जोडप्याकडून घेतली. ते दोघं कायमचे परत चालले होते. माझ्या नवऱ्याने ती संध्याकाळी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी गाडीला जोडून ओढत आणली. शारजात आमच्या बिल्डिंगखाली साधी गाडी लावायला अर्धा तास फिरावं लागतं, तिथे हे चाकांवरचं घर कुठे ठेवणार? नवऱ्याच्या कंत्राटी कामाचं एक गोदाम आहे, त्याच्या मागच्या मोकळ्या आवारात ती उभी राहिली. आत दोन पलंग, दोन बर्नरची शेगडी, हातभर सिंक आणि एक फ्रिज.

तो फ्रिज गॅसवर चालायचा. शेगडीचा जो सिलिंडर, त्यालाच जोडलेला. मागच्या बाजूला बोटाएवढी निळी ज्योत जळायची आणि पुढे दूध गार व्हायचं. हे कसं होतं ते मला कळत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्या डिसेंबरात माझे वडील रत्नागिरीहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि ते पहिल्यांदाच एकटे विमानात बसले होते. त्यांची सगळी नोकरी बंदराजवळच्या एका बर्फाच्या फॅक्टरीत गेली. मच्छीमारांच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथे निघायच्या. अप्पा तिथली मशीन चालवायचे. त्यामुळे कॅराव्हॅन दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी पलंग पाहिले नाहीत, खिडक्या पाहिल्या नाहीत. सरळ फ्रिजसमोर उकिडवे बसले.

"ह्यात कॉम्प्रेसर नाही," ते म्हणाले.

"नाही ना. ज्योतीवर चालतो," नवरा म्हणाला.

"म्हणजे अमोनिया असणार. आमच्या फॅक्टरीत गार करायला होता तोच." ते उठले आणि बाहेर गेले.

पहिल्या सहलीला आम्ही उम्म अल कुवेनच्या किनाऱ्यावर गेलो. निघताना अप्पांनी शारजाच्या मासळीबाजारातून स्वतः निवडून सुरमई घेतली होती, तुकड्या करून, हळदमीठ लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला तर वास आला. अप्पांनी एक तुकडी नाकाजवळ नेली आणि डबा बंद केला.

"वाळूत चाकं खचलीयत," नवरा म्हणाला. "हे फ्रिज अगदी सपाट उभे लागतात. जरा कललं की गार करत नाहीत."

त्याने चाकांखाली फळ्या सरकवल्या, फ्रिजवर मोबाइल आडवा ठेवून पातळी बघितली. सगळं सरळ झालं. तरी संध्याकाळपर्यंत आतलं पाणी होतं तसंच कोमट राहिलं. त्या दिवशी आम्ही अंडी खाल्ली.

नंतरच्या रविवारी आम्ही कॅराव्हॅन झाडायला गोदामावर गेलो. नवरा बाहेर पाण्याच्या टाकीशी काहीतरी करत होता. माझी मुलगी, वय वर्षं पंधरा, आत पलंगावर आडवी होऊन फोन बघत होती. उन्हामुळे दारखिडक्या लावलेल्या होत्या. मी आणि अप्पा चादरी घेऊन आलो. मी दार उघडलं, अप्पांनी एक पाय आत ठेवला आणि थांबले. मग त्यांनी चादरी खाली टाकल्या, मुलीचा दंड धरला आणि तिला ओढत, जवळजवळ फरफटत, बाहेर आणलं. तिचा फोन पायरीवर पडला. ते थांबले नाहीत. गोदामाच्या भिंतीपर्यंत तिला नेलं आणि मग सोडलं.

"व्हॉट इज राँग विथ हिम?" ती मला म्हणाली. तिच्या दंडावर चार बोटं उठली होती.

अप्पा धापा टाकत होते. "वास नाही आला तुम्हाला? अमोनिया आहे आत."

मला आला नव्हता. पुन्हा दाराशी जाऊन नाक लावलं तेव्हा अगदी पुसट, केसांच्या कलपासारखा काहीतरी तिखट वास जाणवला. नवऱ्याने बाहेरच्या बाजूची जाळी काढली. फ्रिजच्या पाठीमागच्या नळ्यांवर एका ठिकाणी पिवळी भुकटी जमली होती. अप्पांनी लांबूनच बोट दाखवलं.

"तिथून चाललाय. म्हणून मासे खराब झाले. वाळूचा काही दोष नाही."

"अप्पा, ह्यात असून असून किती असणार? वाटीभर," नवरा म्हणाला. "माणसाला काही होत नाही तेवढ्याने."

"असेल वाटीभर," अप्पा म्हणाले. पण त्या दिवशी ते आत गेले नाहीत. मुलगी परतीच्या वाटेवर कानात हेडफोन घालून बसली. दोन दिवस ती आजोबांशी बोलली नाही, आणि त्यांनीही तिची समजूत काढली नाही.

नवऱ्याने दुरुस्तीचा प्रयत्न करून पाहिला. इंडस्ट्रियल एरियात एसी-फ्रिजचं काम करणारी तीन दुकानं फिरला. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने नळ्यांचा फोटो बघूनच हात झटकले. "खलास, हबीबी. ये नहीं बनता." शेवटी बॅटरीवर चालणारा, घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेला फ्रिज घ्यायचं ठरलं. त्याबरोबर एक लिथियम बॅटरी आणि छपरावर टाकायला सोलर पॅनेल. सगळं सामान आठवड्यात गोदामावर येऊन पडलं.

जुना फ्रिज काढायच्या दिवशी नवऱ्याला फुजैराच्या साइटवर जावं लागलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. अप्पा म्हणाले, "कशाला? आपण दोघं करू."

मी त्यांच्याबरोबर असं काम कधी केलं नव्हतं. भाऊ करायचा. मी अभ्यास करायची. अप्पांनी आधी सगळ्या खिडक्या आणि दार सताड उघडलं आणि तासभर मला आत जाऊ दिलं नाही. मग सिलिंडरचा कॉक बंद केला, फ्रिजकडे जाणारी तांब्याची नळी सोडवली आणि तिच्या तोंडावर पितळी टोपण आवळलं. शेगडी गॅसवरच राहणार होती, म्हणून कॉक पुन्हा उघडून त्यांनी टोपणावर साबणाचा फेस लावला. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही.

फ्रिज चारी बाजूंनी स्क्रूंनी जखडलेला होता. अप्पा स्क्रू काढून स्टीलच्या वाडग्यात टाकत होते, मी टॉर्च धरून बसले होते. तेव्हा मी त्यांना विचारलं की तुम्ही त्या दिवशी तिला एवढं का ओढलंत, तिला लागलं.

आमच्या घरी एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मी सहावीत असताना फॅक्टरीत अमोनिया फुटला. एका व्हॉल्व्हचं पॅकिंग उडालं. पाळीवर अप्पा आणि त्यांचा जोडीदार असे दोघंच होते. अप्पा ओला गोणपाट डोक्यावर घेऊन आत शिरले, व्हॉल्व्ह बंद केला आणि जोडीदाराला ओढून बाहेर काढलं. जोडीदाराचे डोळे गेले. अप्पांच्या डोळ्यांवर आठ दिवस पट्ट्या होत्या. मालकाने शाल आणि नारळ दिला. त्यानंतर दर रविवारी अप्पा त्या काकांकडे मासे घेऊन जायचे, त्यांना पेपर वाचून दाखवायचे. कधीकधी मीही जायची. काकू चहा करायच्या.

अप्पा स्क्रू काढायचे थांबले नाहीत. म्हणाले, "मी पळालो होतो गो."

"कधी?"

"तेव्हाच. दाराजवळ मी होतो. तो मागे, बर्फाच्या डब्यांच्या बाजूला. वास आला तसा मी बाहेर. बाहेरच्या पाण्याच्या हौदापाशी जाऊन उभा राहिलो. तो आतून हाका मारत होता."

मी टॉर्च पुढच्या स्क्रूवर धरली.

"मग गोणपाट भिजवला आणि गेलो. लोक म्हणाले, हा आत गेला. गेलो होतोच. पण मधे किती वेळ गेला ते कुणी विचारलं नाही."

"किती वेळ गेला?"

"माहीत नाही. त्याच्या हाका बंद झाल्या, तेव्हा गेलो."

"काकांना हे माहीत होतं?"

"त्याने कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणता तो गेला. तुझ्या आईच्या आधी सहा महिने." त्यांनी हात पुढे केला. "दहा नंबरचा पाना दे."

मी दहा नंबरचा पाना दिला.

फ्रिज बाहेर काढायला आम्हाला दुपार लागली. तो दारातून जेमतेम निघाला. गोदामावरच्या दोन कामगारांनी खालून धरला, आम्ही आतून ढकलला. आवाराच्या कोपऱ्यात, उघड्यावर, तो उभा केला. मला वाटलं होतं की अप्पा थकले असतील, पण घरी जाताना ते रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलत होते, एवढ्या गाड्या रोज दुबईला कशाला जातात म्हणून.

नवीन फ्रिज बसवायला नवऱ्याने केरळचा एक इलेक्ट्रिशियन आणला. बॅटरी पलंगाखाली गेली, पॅनेल छपरावर. नवीन फ्रिज जुन्यापेक्षा अरुंद होता, बाजूच्या फटीत प्लायवूडची पट्टी बसवली. बटण दाबलं, कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू झाला, आणि पाच सेकंदांत बंद पडला. एक लाल दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

इलेक्ट्रिशियनने बॅटरीवर मीटर लावून दाखवला. "मॅडम, बॅटरी फुल है. फ्रिज में प्रॉब्लेम है. कंपनी को वापस भेजो."

अप्पांना हिंदी बेताचीच येते. त्यांनी फ्रिजमागे हात घालून वायर दोन बोटांत धरली, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर उठला की छपरातला दिवा मंद होतो का ते बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "त्याला सांग, मीटर बॅटरीवर नको लावू. इथे लाव, फ्रिजच्या तोंडाशी. मशीन उठते तेव्हा बघ."

त्याने तसं केलं. कॉम्प्रेसर उठताक्षणी काटा धाडकन खाली आला. इलेक्ट्रिशियनने जुन्या फ्रिजसाठी आधीपासून घातलेली बारीक वायरच वापरली होती. सात-आठ मीटर लांब, वळणं घेत गेलेली. ज्योत पेटवणाऱ्या ठिणगीला वायर जाड लागत नाही, मोटर उठवायला लागते. त्याने कपाळावर हात मारला, बाजारात जाऊन करंगळीएवढी जाड वायर आणली आणि बॅटरीपासून थेट ओढली. मग फ्रिज सुरू झाला आणि चालूच राहिला. अर्ध्या तासात आतल्या पत्र्यावर दव आलं. इलेक्ट्रिशियनने जाताना अप्पांच्या हाताला हात लावून स्वतःच्या छातीला लावला.

राहिला जुना फ्रिज. नवरा म्हणाला, भंगारवाल्याला फोन करतो. अप्पा म्हणाले, असाच द्यायचा नाही. भंगारवाला नळ्या कापणार, तांबं समजून. अजून आत थोडा असेल तर त्याच्या तोंडावर उडेल. त्यांनी मार्कर मागितला आणि माझ्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले. ती गाडीत बसली होती.

"तुला अरबी लिहिता येतं ना? शाळेत शिकता ना?"

"अ लिटल," ती म्हणाली.

"मग लिही. ह्यात अमोनिया आहे, कापू नका. इंग्रजीत लिही, अरबीत लिही."

तिने मार्कर घेतला. मग उतरली. फोनवर शब्द शोधून, उजवीकडून डावीकडे, फ्रिजच्या पाठीवर तिने मोठी अक्षरं काढली. खाली इंग्रजीत लिहिलं. अप्पांनी त्याखाली देवनागरीत हिंदी लिहिलं. 'खतरा' त्यांनी दोनदा गिरवला. भंगाराचा टेम्पो घेऊन आलेला पठाण ते वाचून हसला आणि उर्दूत म्हणाला की चाचा, मी वाचू शकतो, पण माझा भाऊ कापतो, त्याला वाचता येत नाही. अप्पांनी मला त्याचं भाषांतर करायला लावलं. मग म्हणाले, "त्याला सांग, भावाला तोंडाने सांग. विसरू नको म्हणावं." पठाणाने "इन्शाल्ला" म्हणून मान डोलावली. अप्पांना ते पुरेसं वाटलं नाही. तेव्हा त्याने तिथूनच भावाला फोन लावला आणि आमच्यासमोर त्याला सांगितलं.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेलो. ह्या वेळी चाकं जरा तिरकी राहिली तरी नवऱ्याने खाली फळ्या लावल्या नाहीत. अप्पा आतल्या पलंगावर झोपले, फक्त उशाशी खिडकी बोटभर उघडी ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरमई तळली. मुलीने आजोबांना विचारलं की हाऊ डू यू मेक आइस फॉर अ होल बोट? ते तिला मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत विचारत होती, आणि मधल्या एखाद्या शब्दावर अडलं की दोघंही माझ्याकडे बघायचे. हौद, डबे, मिठाचं पाणी, लादी सुटावी म्हणून डबा क्षणभर साध्या पाण्यात बुडवायचा. अपघाताचं ते काही बोलले नाहीत. मीही कधी तिला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

मार्चमध्ये अप्पा परत गेले. पुढच्या थंडीत येणार होते, पण गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि येणं राहिलं. आम्ही अजून महिन्यातून एकदा कॅराव्हॅन घेऊन निघतो. मुलगी हल्ली येतेच असं नाही. तिला तिच्या मैत्रिणी आहेत.