आधी छापलेलं मुखपृष्ठ

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला, तेव्हा ‘निर्भीड संपादक हरपला’ म्हणून गावभर हळहळ झाली. निर्भीड कसला, निगरगट्ट होता. भिंतींवर पोस्टरं चिकटवणारा पोरगा स्वतःच्या साप्ताहिकाचा मालक झाला, हे खरं. पण कष्ट काय, गाढवही करतं.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी त्याच्याकडे मुद्रितं तपासायची, म्हणून हे डोळ्यांदेखत पाहिलंय. सरकारी दवाखान्यातली औषधं बाहेर विकली जातात, ही बातमी त्यानंच खणून काढली. कपाटाच्या किल्ल्या तिथल्या नर्सबाईंकडे, म्हणून चोर त्याच, असं ठरवूनही टाकलं. रंगीत मुखपृष्ठ दुसऱ्या छापखान्यातून आधी छापून यायचं, आतली पानं मागाहून आमच्याकडे. बाईंच्या फोटोचे गठ्ठे येऊन पडले आणि पाठोपाठ कळलं, चोर भांडारातला कारकून आहे. बाईंचा काडीचा संबंध नाही. मी म्हटलं, थांबव. तो बशीत चहा ओतत म्हणाला, “ताई, मुखपृष्ठ छापून झालंय. आता बाई निर्दोष कशी निघेल?”

अंक हातोहात खपला. चौकशी बसली, कारकून पकडला गेला, रोग्यांना औषधं मिळू लागली. नर्सबाईंना मात्र काढलं ते काढलंच. लोकांच्या डोक्यात तो फोटोच बसला होता. खुलाशाचा विषय निघाला की याला नेमका फोन यायचा. मी काम सोडलं. बहिणीनं तोंड फुगवलं, फुगवू दे.

आता भाची श्रद्धांजलीच्या अंकासाठी लेख मागायला आली. लिहिते म्हटलं, पण नर्सबाईंसकट. ती कुरकुरली, बाबांची राख थंड नाही झाली, लोक काय म्हणतील.

“तो गेला गं. ती आहे अजून, आणि शेजारीण अजून तिला बघून कपाटाला कुलूप घालते.”

भाची लेख घेऊन गेली. नाक बापाचं घेतलंय, काळीज नाही, नशीब. एक शब्द न खोडता छापलं, वर स्वतःच्या नावानं माफी मागितली.

अंक घेऊन मी नर्सबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग दारातून शेजारणीला हाक मारली, अंक तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला लावला. ती वाचत गेली, मान वर न करता.

ती गेल्यावर बाईंनी विचारलं, “दवाखान्यात औषधं मिळतात ना हो आता?”

मिळतात, म्हटलं.

“त्यांच्यामुळेच,” बाई म्हणाल्या.

झक मारत मला मान डोलवावी लागली.