शकूनं घर पाहिलं होतं

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात शिजवलेली हळद खालीवर करत होते. फोन तिच्या भावाचा, भास्करचा. "रेखाताई, शकूताई सकाळी वारली," एवढंच बोलला. मी विचारलं, "काय झालं रे? अपघात?" तो म्हणाला, "ताई, वर्षापासून आजारी होती की ती. पोटात गाठ होती. तुमाला माहीत न्हवतं?" नव्हतं. पिवळ्या हातानं फोन धरून मी तशीच उभी राहिले. लोकांना विचित्र वाटेल, पण मला आधी राग आला, रडू मागून आलं. गेलेल्या माणसाविषयी गोडच लिहायची रीत आहे. मला ते जमणार नाही. शकू माझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती, आणि तिनं मला दुसऱ्यांदा अंधारात ठेवलं होतं. पहिल्या वेळचं भांडण तर अजून मिटायचंच होतं.

हिंगोलीला मुलींच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत होतो. तिचं गाव सेनगावच्या पुढं, माझं आखाडा बाळापूरजवळ. दोघींच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेलं आधी कोणी नव्हतं. मेस परवडायची नाही, म्हणून डबे एसटीनं यायचे. सकाळी सेनगावच्या गाडीनं तिचा, संध्याकाळी कळमनुरीकडून येणाऱ्या गाडीनं माझा. पहिल्याच आठवड्यात तिच्या आईनं, म्हणजे मावशीनं, भाकरी दोघींच्या धाडायला सुरुवात केली. मी कोण, कुठली, आडनाव काय, काही विचारलं नाही. "शेजारची पोरगी उपाशी बसंल आन् तू खाशील, आसं जमतंय व्हय?" असं शकूला म्हणाली म्हणे. मावशीचा एकच दंडक होता, डबा रिकामा परत यायला नको. त्यात काहीतरी घालूनच तो कंडक्टरच्या हाती द्यायचा. कधी मूठभर फुटाणे, कधी चार बोरं, काहीच नसलं तर वसतिगृहाच्या कुंपणावरची जास्वंद. आणि शकूची एक खोड होती. डबा आला की ती आधी तो कानाशी धरून हलवायची, बोटानं टकटक करायची, आणि आत काय आहे ते तिला कळायचं. पिठलं की अंबाडी की वरणफळं, कधी चुकली नाही. पण सांगायची नाही! मी मागं लागायची, "सांग ना गं." ती म्हणायची, "उघडल्यावर कळंलच की. काहून घाई करून राहिली?" तेव्हा मला हसू यायचं.

पदवी झाली. मी गावी परत आले. नोकरी मिळाली नाही म्हणून आले असं काही जण सांगतात, ते खोटं आहे. मला गावातच काहीतरी करायचं होतं. बायकांचा गट उभा केला, हळद दळून पाकिटात भरून विकायला लागलो. गावातली शिकलेली पहिली बाई मीच, त्यामुळं कुणाच्या घरी सरकारी कागद आला, कुणाच्या पोरीची सोयरीक निघाली, कुणाला दवाखान्याचं काही समजलं नाही, की "रेखाताईला इचारा" हे ठरलेलं. हे मी कमावलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. लपवून काय करू?

शकू स्पर्धा परीक्षा देऊन उद्योग खात्यात गेली, मुंबईला. शेवटची काही वर्षं तिच्याकडं परदेशी कंपन्यांची तपासणी होती. एकदा मुंबईला तिच्या घरी गेले तेव्हा तिनं मला ते समजावलं. बाहेरच्या देशातून माणूस येतो, म्हणतो कारखाना टाकतो, जमीन द्या, पाणी द्या, सवलत द्या. तो खरंच कोण आहे हे पाहायचं. "एक कंपनी दुसरीच्या मालकीची, दुसरी तिसरीच्या, आणि तिसरीचा मालक कोण ते कुणाला ठाऊकच नसतं. पत्त्यावर माणूस पाठवला तर एक खोली आणि दारावर पाटी. कारखान्याचा फोटो दाखवतात, तो निघतो भलत्याचाच." मी म्हटलं, "म्हणजे घर पाहायला जाणारी चुलती तू." आमच्याकडं पोरगी द्यायच्या आधी मुलाचं घर पाहायला जातात, तेव्हा एक खमकी चुलती बरोबर नेतात. ती पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाते आणि धान्याची कणगी बोटानं वाजवून पाहते, खरंच भरलेली आहे की वरवर. शकू खूप हसली. म्हणाली, "बराबर बोललीस. साहेबाला सांगते, माझं पद कणगीवाली चुलती." डब्याची खोड तिला पोटापाण्याला कामाला आली, असं मला वाटलं. कौतुक वाटलं.

मग गेल्या उन्हाळ्यात कंपनी आमच्याच भागात आली. हळदीतून औषधाचा अर्क काढणार, आजूबाजूच्या गावांची सगळी हळद घेणार, शिकलेल्या पोरांना काम देणार. उंच गाड्या आल्या. पुढाऱ्यांनी त्या पाहुण्यांबरोबर फोटो काढले, ते पेपरात आले. सरकारनं आधी सत्कार केला आणि घर पाहायला माणूस मागून धाडला, हे मला पुढं कळलं. त्यातला एक गोरा पाहुणा आमच्या गटात आला होता. फेटा बांधून घेतला, हळद नाकाशी धरली, सतरंजीवर मांडी घालून धपाटे खाल्ले. माझी शेजारीण गयाबाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "ह्याचं लगीन झालंय का इचार गं. कसा मांडी घालून जेवून राहिला! जावाईच करून घ्यावा." बायका पदरात तोंड घालून हसल्या. पंधरवड्यात रस्त्याच्या कडेला नियोजित प्रकल्पाचा बोर्ड लागला.

गयाबाईचा ज्ञानेश्वर पुण्यात एका कारखान्यात होता. चांगली कायम होत आलेली नोकरी. गयाबाई एकटी, गुडघ्यानं लंगडती. कंपनीत ज्याचं नाव आधी लागेल त्याला आधी घेणार, अशी हूल उठली तेव्हा ती माझ्याकडं आली. "रेखा, पोराला बोलावू का? तू म्हणशील तसं करते." मी म्हटलं, थांब, विचारून सांगते. दुनियेत ज्या एका माणसाला ते माहीत होतं, तो माणूस माझा होता ना! पोळ्याच्या दिवशी मी शकूला फोन लावला. "शकू, आमच्याकडं आलेली ती कंपनी तुझ्याकडंच असंल तपासायला. खरी हाय का गं?" ती म्हणाली, "रेखा, त्याच्यावर मी काही बोलू शकत नाही." मी हसून म्हटलं, "समजलं." ती म्हणाली, "काय समजलं?" मी म्हटलं, "न्हाई बोलत तू. मीबी न्हाई बोलत." ...आणि तिनं मला त्याच समजात राहू दिलं.

हे इतरांना कळायला सांगावं लागेल. आमच्याकडं सोयरीक जुळत आली की घरातली बाई गप होते. विचारलं तर "आजून काई न्हाई बाई" म्हणते आणि तोंड वळवून हसते. सुपारी फुटेपर्यंत चांगली गोष्ट बोलायची नसते, नजर लागते. मोडलेली सोयरीक मात्र दुसऱ्या दिवशी गावभर होते, कारण मग लपवायला काही उरत नाही. म्हणून आमच्या भागात गप बसणं म्हणजे होकार. मुंबईत वाढलेली अधिकारीण असती तर मी तिच्या गप्प बसण्याचा असा अर्थ लावलाच नसता. शकू सेनगावकडची होती. मी काय समजले ते तिला फोनवरच समजलं होतं.

मी गयाबाईला सांगितलं, बोलाव. दसऱ्याला ज्ञानेश्वर नोकरी सोडून आला.

दिवाळीत शकू गावी आली होती, भाऊबीज करून एक दिवस माझ्याकडं राहिली. वाळली होती. मी म्हटलं, "काय गं, मुंबईत खायला घालत न्हाईत का?" म्हणाली, "धावपळ." आम्ही जेवत होतो तेवढ्यात गयाबाई पोराला नवा शर्ट घालायला लावून घेऊन आली. "मॅडम, हे माहं लेकरू. तुमच्या कंपनीत लागंल ना?" शकूनं त्याच्याकडं पाहिलं, ताटातली भाकरी उगीच मोडली आणि म्हणाली, "बघू ना मावशी." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्याच घरात.

संक्रांतीनंतर पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. कंपनीच्या मागं नेमकं कोण आहे ते दाखवता आलं नाही, प्रस्ताव नाकारला. गावात सांगायला कुणी आलं नाही. बोर्ड अजून तिथंच आहे. मी शकूला फोन केला. "तुला कधीपासून माहीत होतं?" तिनं खोटं सांगितलं नाही, एवढं मान्य करते. "तू पोळ्याला फोन केलास, तेव्हा माझं नकाराचं मत वर गेलेलं होतं." मग बोलत राहिली, "आमच्या तोंडून शब्द फुटला तर ती माणसं सावध होतात, पाट्या बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, माझ्यावर सरकारनं विश्वास टाकलाय." सगळं बरोबर असेल. मी म्हटलं, "कंपनीचं नको सांगू. पोराला बोलावू नको, एवढे तीन शब्द मला टाकायचे होतेस. आन् गयाबाईला बघू काहून म्हणालीस? गप तरी बसायचं." ती म्हणाली, "मला वाटलं तू समजशील." मी म्हटलं, "मी काय समजले ते तुला चांगलं माहीत होतं. सरकारचा विश्वास ठेवलास, माझा मोडलास." मी फोन ठेवला. ते शेवटचं.

ज्ञानेश्वरची पुण्यातली जागा भरली. तो आता बाळापूरच्या बाजारात दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. गयाबाई भांडली नाही. एकदाच म्हणाली, "तुह्या शब्दावर बोलावलं व्हतं माय." आता तिच्याकडं कागद आला की ती वरच्या आळीतल्या मास्तरकडं जाते, माझ्या दारावरून. चूक माझीही होती असं म्हणणारे आहेत. मी मानत नाही.

तिसऱ्या दिवशी शकूच्या गावी गेले. मावशी भिंतीला टेकून बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "मला पोट दुखतंय म्हणायची बाई. भास्करला ठाव व्हतं, मला न्हाई सांगितलं. तुला तरी सांगितलं आसंल, वाटायचं." मी नकारार्थी मान हलवली. आजार कळू नये हेही तिनं ठरवूनच केलं असणार, तिच्या पद्धतीनं, कुणाच्या तरी भल्यासाठी! दिवाळीला माझ्या ताटावर बसली तेव्हा दोन्ही गोष्टी तिच्या पोटात होत्या. मावशीनं विचारलं, "शेवटी काय बोलली गं ती तुह्याशी?" आणि मी म्हटलं, "पुढच्या खेपंला सांगते ना मावशी." बोलले आणि चपापले. शकू गयाबाईशी बोलली होती तोच आवाज.

निघताना मावशीनं फडक्यात बांधलेला डबा हाती दिला. हिंगोलीच्या स्टँडवर बाळापूरची गाडी लागेपर्यंत बाकावर बसून सोडला. भाकरी दोघींच्या होत्या. मावशीच्या हाताला अजून सवय होती... मी सगळ्या खाल्ल्या, तिच्या वाट्याच्याही. रागानं खाल्ल्या की भुकेनं, ते सांगता येत नाही.

डबा आता आमच्या फळीवर आहे. रिकामा द्यायचा नाही, म्हणून नवी हळद दळून त्यात काठोकाठ भरली, त्याच फडक्यात बांधला. पण घेऊन गेले की मावशी तेच विचारणार. खोटं मला सांगायचं नाही, आणि पोरीशी शेवटचं बोलणं भांडणाचं होतं हे त्या म्हातारीला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत डबा तिथंच राहिलाय. शकू असती तर कानाशी धरून हलवला असता, बोटानं टकटक केलं असतं. आत काय आहे आणि तो इथं का पडून आहे, सगळं तिला कळलं असतं... आणि ती कुणाला बोलली नसती.