दिवाळीच्या कचऱ्यातली हडळ

बुवापाड्यातली इंदुबाई माझ्या दोन घरं पलीकडे राहते. अंबरनाथ पश्चिमेच्या एका सोसायटीत सुका कचरा वेगळा करायचं तिचं काम, एकोणीस वर्षं झाली. मला म्हाद्या म्हणते. कुणी तिला ‘ए कचरा’ अशी हाक मारली तर डोकं माझं सटकतं, तिचं नाही.

फेकलेल्या वस्तूंतून ही बाई काहीही उभं करते. भीमजयंतीला विहारातल्या स्टेजवर जी कमळं असतात ना, ती अंड्यांच्या ट्रेची. म्हणूनच यंदा दिवाळी संपल्या संपल्या सोसायटीच्या कमिटीतल्या सुनेत्रा मॅडमनी तिला बोलावलं.

“इंदुबाई, पोरांना हॅलोविन करायचंय. भुतं पाहिजेत. बाजारातलं प्लास्टिक नको, सगळं टाकाऊतलं.”

“भुतं ना? तुमच्या कचऱ्यात पुष्कळ सापडतील,” इंदुबाई म्हणाली आणि कामाला लागली.

तीन दिवस ती कचऱ्याच्या खोलीतच होती. फाटक्या कंदिलांच्या काड्यांचे सांगाडे केले. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून पांढरी भुतं. फाटक्या मच्छरदाणीची कोळिष्टकं. आणि मधोमध टांगायला एक हडळ. हडळीला पांढरा कुर्ता खुद्द मॅडमनीच दिला, त्यांच्या वैदेहीचा जुना. वैदेही त्यांची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते.

केसांपाशी घोटाळा झाला.

बायका विंचरल्यावर गळलेल्या केसांची गुंडाळी करतात, तिच्यावर तीनदा थू थू करतात, मग टाकतात. कारण केस दुसऱ्याच्या हाती लागला की करणी होते म्हणे. इंदुबाईच्या घरात हे नाहीच. तिच्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देवऋषी, उतारा, करणी सगळं घराबाहेर गेलं. तिच्या लेखी केस म्हणजे काथ्या. चाळीस घरांच्या पिशव्यांतल्या गुंडाळ्या तिनं वेचल्या, साबणानं धुतल्या, गच्चीवर वाळवल्या आणि हडळीच्या डोक्याला चिकटवल्या. त्या बिल्डिंगीत केसाला हात लावणं म्हणजे काय, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

अठ्ठावीस तारखेला हडळ लिफ्टसमोर टांगली. पोरं किंचाळली, सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वैदेही तापानं फणफणली. एकतीसला तिला पाणीसुद्धा पचेना. आणि दुपारी चौथ्या मजल्यावरच्या बकुळाताईंनी हडळीला हात लावून पाहिला. “अगं बाई, हे केस खरे आहेत! आणि हा कुर्ता वैदेहीचा!”

बस. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरले.

चार वाजता मला फोन आला. “म्हाद्या, ये.” एवढंच, आणि कट. इंदुबाई बोलली की गल्लीला ऐकू जातं. त्या दिवशी ती कुजबुजली. मी उल्हासनगरात होतो. रिक्षा पकडली, पण पोचायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासातलं तिनं मला नंतर सांगितलं.

कचऱ्याच्या खोलीला आतून कडी नाही. तिनं बाटल्यांचं पोतं दाराला लावलं आणि पाठ टेकून बसली. बाहेर नऊ-दहा जण.

“केस कुणाच्या सांगण्यावरून घेतलेस?”

“कुणाच्या नाही. कचऱ्यातलेच आहेत.”

“खोटं बोलते! तुमच्या लोकांना असलं सगळं येतं.”

“तेच केस खायला घाला हिला. आपोआप उतरेल.”

दाराला लाथ बसली, पोतं सरकलं. तिच्या हातात कापाकापीचं पातं होतं. तिनं ते लांब फेकलं, उद्या म्हणतील हिनंच हल्ला केला. लुगडं ओलं झालं, ते तिला नंतर कळलं.

मग लोक बाजूला झाले. सुनेत्रा मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत, रडत होत्या. “इंदुबाई, हात जोडते. पोरगी डोळे उघडत नाही. तुम्ही नुसतं म्हणा, काढलं म्हणून. मी सगळ्यांना घरी पाठवते.”

“तेव्हा जास्त भ्याले,” इंदुबाई मला म्हणाली. “एक शब्द बोलले असते की सुटले असते. पण काढलं म्हटलं म्हणजे केलं होतं. मग पुढं कुणाला ताप आला, कुणी मेलं, की माझ्याच दारात येणार. माझी सून तिथंच दोन घरी कामाला जाते.”

मी पोचलो तर गेट बंद. वॉचमन धर्मेश म्हणाला, “भाईसाब, किसी को अंदर छोड़ना नहीं बोला है.” मी त्याला अशी शिवी हासडली की त्यानं गेट उघडलं. आत शिरलो आणि जादूटोणाविरोधी कायदा ओरडून सांगायला लागलो. कुणीतरी हसलं, “आला पुढारी.” मी अंगावर गेलो. दोघांनी माझी कॉलर धरली. माझ्यामुळं प्रकरण हातघाईवर आलं, हे मी कबूल करतो.

तेवढ्यात दार उघडलं. इंदुबाई चौकट धरून उभी होती.

“मॅडम, मी काही केलंच नाही, तर काढू काय? पोरीचं रक्त तपासलं का?”

“डॉक्टर व्हायरल म्हणाले.”

“तपासलं का?”

मॅडमनी मानेनंच नाही म्हटलं. “टाकीमागच्या डबक्यात डास झालेत, गेल्या आठवड्यात सांगितलं होतं मी,” ती म्हणाली. वैदेहीचे वडील दिनानाथ, कारखान्यातले मोठे साहेब, इतका वेळ मान खाली घालून उभे होते. ते गाडीची चावी घेऊन पळाले, मागून मॅडम. उरलेल्यांनी आम्हाला वाट दिली, पण एकजण मागून बोललाच, “पोरीला काही झालं ना, मग बघ.”

डेंग्यू निघाला. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. चार दिवस इंदुबाई उंबऱ्यात फोन मांडीवर घेऊन बसली. गल्लीत मोटरसायकल थांबली तरी आत पळायची. पोरगी वाचली नाही तर ते येणार, हे तिला ठाऊक होतं, मलाही.

वाचली. सहाव्या दिवशी धर्मेशचा फोन आला, “मावसी, मॅडम बोली काम पे आ जाओ.” माफीचा शब्द नाही.

मी पोलिसांत द्यायची तक्रार लिहून तयार ठेवली होती, नावानिशी. तिनं सही केली नाही. मी चिडलो, नको ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हाद्या, तुझा राग खरा आहे. पण तू दाराच्या बाहेर होतास.”

“मग मी करू काय?”

“सकाळी सातला मला गेटपर्यंत सोड. आणि मी बाहेर येईपर्यंत तिथंच उभा राहा.”

आज अकरावा दिवस. मी रोज उभा राहतो. काम आटपून ती येते, गेटातून बाहेर पडायच्या आधी मागं वळून प्रत्येक बाल्कनी बघून घेते, आणि मगच पाय उचलते. तक्रारीचा कागद माझ्या खिशात आहे.